क्वेकरांच्या मौनात बसताना

कृष्णाकाठची

बर्मिंगहॅमला येऊन मला अकरा वर्षं झाली. कामावर जाताना वाटेत विटांची एक बैठी इमारत लागते. मनोरा नाही, क्रूस नाही, घंटा नाही. दारावर 'फ्रेंड्स मीटिंग हाऊस' एवढीच पाटी. कितीतरी वर्षं मी तिच्यावरून गेले आणि ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ असेल असं समजत राहिले.

एप्रिल २०२१ मध्ये सांगलीला माझे बाबा गेले. त्याच आठवड्यात, २३ तारखेला, ब्रिटनने कोविडमुळे भारताला प्रवासनिर्बंधांच्या 'रेड लिस्ट'मध्ये टाकलं. माझं जाणं झालं नाही. शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. पंधरा-वीस दिवसांनी शेजारच्या आजींनी (पंच्याऐंशीच्या आहेत, पूर्वी शाळेत शिकवायच्या) कुंपणापलीकडून विचारलं, "रविवारी सकाळी आम्ही काहीजण तासभर गप्प बसतो. येशील?" मी विचारलं, काय करायचं असतं? त्या म्हणाल्या, "काही नाही. बसायचं."

तेव्हा सगळं झूमवर होतं. पडद्यावर पंचवीस-तीस चौकोन, प्रत्येकात एक गप्प माणूस. कुणाच्या मागे भिंतीवरचं घड्याळ, कुणाच्या मांडीवर मांजर. पाऊण तासाने एक गृहस्थ चार वाक्यं बोलले आणि परत गप्प झाले. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. तास संपल्यावर सगळ्यांनी एकमेकांना हात हलवला. मी लॅपटॉप मिटला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.

उन्हाळा सरता सरता मीटिंग हाऊस उघडलं, तेव्हापासून मी जाते. या मंडळींना क्वेकर म्हणतात, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा एक पंथ. त्यांच्या उपासनेच्या बैठकीला, आणि ती भरवणाऱ्या गटालाही, 'मीटिंग' म्हणतात. यावर मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा काढतेय.

खोली साधी असते. मधोमध छोटं टेबल, त्यावर कुणाच्यातरी बागेतली फुलं, बायबल आणि क्वेकरांचं स्वतःचं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. भोवती गोलात खुर्च्या. वेदी नाही, व्यासपीठ नाही, त्यामुळे मानाची पहिली रांगही नाही. वेळ साडेदहाची, पण 'आता सुरू' असं कुणी म्हणत नाही. पहिला माणूस येऊन शांत बसला की उपासना सुरू झाली. मग एकेक जण येतो, बसतो. पहिली दहा मिनिटं खोकले, खुर्च्यांचे आवाज. माझ्या डोक्यात भाजीची यादी. मग केव्हातरी खोली निवळते. गढूळ पाणी कळशीत भरून ठेवलं की गाळ हळूहळू तळाला जातो, तसं. इथली माणसं त्याला 'गॅदर्ड मीटिंग', म्हणजे एकवटलेली बैठक, म्हणतात. दर रविवारी ते होतंच असं नाही.

आतून बोलावंसं वाटलं तर कुणीही उभं राहून बोलू शकतं. पुरोहित नसल्याने 'कुणीही' म्हणजे खरोखर कुणीही, मीसुद्धा. बोलणं थोडकं असतं. त्यानंतर बराच वेळ शांतता ठेवतात, म्हणजे ऐकलेलं मुरतं. दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं नाही. एका माणसाने शक्यतो दोनदा उठायचं नाही. घरून भाषण तयार करून यायचं नाही, आणि 'आज मी गप्पच बसणार' असंही ठरवून यायचं नाही. हे शेवटचं मला फार आवडतं. तासाभराने एल्डर म्हणून नेमलेले दोघे एकमेकांशी हात मिळवतात, मग सगळेच आपापल्या शेजाऱ्याशी. नंतर सूचना, नव्या माणसांची ओळख, चहा-बिस्किटं.

इतिहास थोडक्यात सांगते. संस्थापक जॉर्ज फॉक्स, जन्म १६२४, विणकराचा मुलगा, चांभाराकडे उमेदवारी केलेला. १६५० मध्ये डर्बीला ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली त्याला न्यायाधीशांपुढे उभं केलं, तेव्हा तो त्यांनाच म्हणाला की देवाच्या शब्दापुढे थरथर कापा. त्यावरून न्यायाधीशांनी हिणवून 'क्वेकर', म्हणजे थरथर कापणारे, म्हटलं. तेच नाव राहिलं. स्वतःला ते 'फ्रेंड्स' म्हणवतात. आपल्याकडे तुकोबांच्या वैकुंठगमनाचं साल साधारण तेच, हे लक्षात आलं तेव्हा मला कसंतरीच झालं. दोन्हीकडे एकाच वेळी, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको म्हणणारी माणसं. १६५२ मध्ये फॉक्स उत्तर इंग्लंडमधल्या पेंडल टेकडीवर चढला, पुढे फरबँक फेलच्या माळावर हजारभर लोकांपुढे बोलला, आणि तिथून ही चळवळ पसरली.

प्रश्न विचारा. मला माहीत आहे तेवढं सांगेन.

रानजाई

फार आतून लिहिलंय. बाबांबद्दल वाचून गलबलले. तो एप्रिल आमच्याही घरावरून गेलाय.

एक भाबडा प्रश्न: क्वेकर ओट्स त्यांचेच का? आमच्याकडे सकाळी तोच डबा निघतो. आणि हे लोक ख्रिश्चनच ना?

कृष्णाकाठची

रानजाई, ओट्सचा आणि या मंडळींचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या ओट्सवाल्यांनी १८७७ मध्ये क्वेकर पोशाखातल्या माणसाचं चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, कारण क्वेकर म्हणजे सचोटी असं लोकांच्या मनात पक्कं होतं. त्याचं कारण खरंखुरं आहे. घासाघीस चालणाऱ्या काळात क्वेकर दुकानदार एकच भाव सांगायचे, लहान मूल आलं तरी तोच. खऱ्या अर्थाने क्वेकर घराण्यांनी उभे केलेले उद्योग म्हणजे कॅडबरी, राउनट्री आणि फ्राय हे चॉकलेटवाले, आणि बार्कलेज, लॉइड्स या बँका.

ख्रिश्चन आहेत का? उगम तिथलाच. पण इंग्लंडमधल्या मीटिंगमध्ये आज कुणी ठाम ख्रिश्चन, कुणी बुद्धाच्या वाटेने चालणारे, कुणी देव हा शब्दच न वापरणारे. बाप्तिस्मा नाही, लेखी धर्ममत नाही. प्रत्येक माणसात देवाचं काहीतरी आहे, हा फॉक्सचा विचार मात्र सगळे धरून असतात. मला कुणी आजवर 'तू कोण' म्हणून विचारलेलं नाही. घरी गणपती बसतो हे त्यांना माहीत आहे, दोघी-तिघी मोदक खायला येतात.

नैरोबीकर

ताई, तुम्ही लिहिलेलं इंग्लंडपुरतं खरं आहे, पण चित्र अर्धं राहतं म्हणून भर घालतो. जगात सगळ्यात जास्त क्वेकर ब्रिटनमध्येही नाहीत आणि अमेरिकेतही नाहीत, ते केनियात आहेत. १९०२ मध्ये तीन अमेरिकन मिशनरी पश्चिम केनियात कैमोसीला आले. आज त्या भागातल्या लुह्या समाजात गावोगाव फ्रेंड्स चर्च आहेत. आणि तिथे मौन कमी, गाणं जास्त!

माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लग्नानिमित्त मी गेलो होतो. पास्टर, प्रवचन, तीन-तीन गायकवृंद, बायकांचे एकसारखे पोशाख, टाळ्या, ठेका. प्रार्थना चार तास चालली. नंतर झाडाखाली उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि कोंबडी. मला आपल्याकडच्या सप्ताहाची आठवण झाली. तो सहकारी म्हणतो, "इंग्लंडचे फ्रेंड्स ऐकून देवाची वाट बघतात, आम्ही गाऊन बघतो." त्याला मौनाची बैठक माहीत आहे, पण तिथे बसलं की आपल्या माणसांपासून दूर बसल्यासारखं वाटतं असं तो सांगत होता.

कृष्णाकाठची

नैरोबीकर, मनापासून आभार. हे मी धाग्यातच लिहायला हवं होतं. आमच्याकडे एकदा केनियाच्या एक बाई पाहुण्या आल्या होत्या. चाळीस मिनिटांच्या शांततेनंतर त्या उठल्या आणि बोलायच्या ऐवजी गायल्या. स्वाहिलीत, एकट्याच, अगदी खालच्या पट्टीत. गाणं संपल्यावर जी शांतता झाली तशी मी परत अनुभवलेली नाही.

प्रश्नचिन्ह

धागा छान आहे, पण मला मूळ मुद्दाच कळला नाही. गप्प बसायचं तर घरी बसा. मी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलंय. तिथे पद्धत शिकवतात: श्वास बघा, संवेदना बघा, समता ठेवा. इथे पद्धत काय? नुसतं 'बसायचं' ही काही साधना झाली नाही. आणि मध्येच कुणी उठून बोलणार असेल तर एकाग्रता कशी टिकायची?

कृष्णाकाठची

प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारत होते. मीही आधी श्वास मोजत बसायचे आणि कुणी बोलायला उठलं की चिडायचे.

मग एक गोष्ट आठवली. आमच्या मिरजेच्या आजोळी आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दुपारी गल्लीतल्या बायका समाचाराला यायच्या. यायच्या, चपला काढायच्या, भिंतीला टेकून बसायच्या. आजी काही बोलायची नाही, त्याही बोलायच्या नाहीत. अर्धा तास, पाऊण तास. मध्येच एखादी म्हणायची, "दारावरनं जाताना हाक मारायचे." बस्स. परत सगळ्या गप्प. मग उठून, 'येते' न म्हणता जायच्या. मला तेव्हा वाटायचं, या येतात कशाला? आता कळतं की त्या नुसत्या बसायलाच यायच्या. आजीला त्या दुपारी एकटीला काढाव्या लागल्या नाहीत.

बाबांच्या वेळी मला ते तेरा दिवस मिळाले नाहीत. फोन खूप आले, प्रत्येकजण खूप बोलला. भिंतीला टेकून बसणारं कुणी नव्हतं. ते मला मीटिंगमध्ये मिळालं. म्हणून मला ही साधनेपेक्षा सोबत वाटते. प्रत्येकजण आपापल्या आत उतरतो हे खरं, पण सगळे मिळून एकाच गोष्टीकडे कान लावून असतात. आणि कुणी उठून दोन वाक्यं बोलतं ते त्या 'हाक मारायचे' सारखं असतं. तो व्यत्यय नसतो, त्या मौनातूनच आलेलं असतं. निदान चांगल्या दिवशी तरी.

विपश्यनेबद्दल मला आदर आहे. पण तिथे शेजारी कोण बसलंय याने फरक पडत नाही, इथे पडतो.

प्रश्नचिन्ह

समाचाराचं वाचून थांबलो. हे उत्तर मला पटलं असं इतक्यात म्हणणार नाही, पण कळलं.

मुक्काम_वर्धा

वाचतोय. आमच्या सेवाग्रामचा उल्लेख अजून कसा आला नाही?

मार्जरी साइक्स नावाच्या इंग्लिश बाई होत्या. जन्म १९०५. १९२८ मध्ये मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, तिथेच असताना क्वेकर झाल्या. पुढे शांतिनिकेतन, आणि मग सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, शिक्षकांना घडवण्याचं काम. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. माझे आजोबा त्या वर्गात होते. ते सांगायचे की बाई सूतकताईच्या तासाला सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या आणि कुणी उशिरा आलं तर काही बोलायच्या नाहीत, नुसतं बाजूला सरकून जागा करून द्यायच्या. आजोबांना त्याचीच जास्त लाज वाटायची.

गांधीजींचा या लोकांशी घरोबा होता. १९३१ ला गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला पोचले तेव्हा त्यांचं स्वागत युस्टन रोडच्या फ्रेंड्स हाऊसमध्ये झालं, ती क्वेकरांची मुख्य कचेरी. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत सोहळा चालू असताना गांधीजी कलकत्त्यात उपास आणि प्रार्थना करत होते, तेव्हा त्यांच्या सोबत होरेस अलेक्झांडर हे क्वेकर होते. हे पक्षीनिरीक्षकही मोठे. १९८४ मध्ये त्यांना पद्मभूषण दिलं गेलं. आणि त्याच १९४७ चं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन सेवासंस्थांना मिळालं. त्या वर्षी अंतिम यादीत गांधीजींचंही नाव होतं. आजोबांना याचं वाईट वाटलं नव्हतं. "घरातच गेलं की," म्हणायचे.

कृष्णाकाठची

बाजूला सरकून जागा करून देणं! आमच्याकडेही उशिरा येणाऱ्यासाठी हेच करतात. आजोबांच्या आठवणी लिहून ठेवा हो.

तुमच्या माहितीत भर: होरेस अलेक्झांडर आमच्या बर्मिंगहॅमचेच म्हणायला हरकत नाही. सेली ओकला वुडब्रुक म्हणून क्वेकरांचं अभ्यासकेंद्र होतं, मूळ जॉर्ज कॅडबरीचं घर, १९०३ पासून. तिथे ते बरीच वर्षं शिकवत होते, आणि १९३१ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. २०२३ मध्ये खर्च झेपेना म्हणून ती वास्तू बंद झाली. शेवटच्या महिन्यात मी जाऊन आले. त्यानंतर वुडब्रुकचं काम मुख्यतः ऑनलाइन चालू राहिलं.

नर्मदातीर

वडील रेल्वेत, त्यामुळे माझं बालपण इटारसीला गेलं. आमच्या घरी मराठी, दाराबाहेर हिंदी. होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम), इटारसी, सोहागपूर या पट्ट्यात क्वेकर १८७० च्या दशकापासून आहेत. तिथे त्यांना फ्रेंड्स मिशनवाले म्हणतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने कितीतरी अनाथ मुलं सांभाळली. आजच्या तिथल्या फ्रेंड्स कुटुंबांपैकी अनेकांची मुळं त्या मुलांत आहेत.

पण मला सांगायचंय ते होशंगाबादजवळच्या रसूलियाबद्दल. तिथलं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून १९७२ मध्ये १६ सरकारी मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) विज्ञान शिकवायची नवी पद्धत सुरू केली. पाठांतर नाही, मुलांनी स्वतः प्रयोग करून बघायचं. पुढे ती पूर्ण जिल्ह्यात गेली, मग एकलव्य संस्थेने सांभाळली, २००२ मध्ये सरकारने बंद केली. मी त्या पद्धतीत शिकलेला विद्यार्थी आहे. जंगलातून पानं गोळा करून आणायची, त्यांच्या शिरा बघून गट पाडायचे, आणि गुरुजी उत्तर सांगत नसत. "तुला काय दिसलं ते सांग" एवढंच. तुमचा धागा वाचताना जाणवलं की हे 'तुला काय दिसलं' आणि त्या गोलातल्या खुर्च्या यांचं नातं असावं. त्या कार्यक्रमात वेगवेगळ्या विचारांचे वैज्ञानिक आणि शिक्षक होते, सगळं श्रेय क्वेकरांना देणं चुकीचं होईल. पण अंगण त्यांचं होतं.

अबोली

निर्णय कसे घेतात? मुख्य माणूसच नाही म्हणताय. आमच्या सोसायटीच्या सभेत बारा माणसांत पार्किंगचा प्रश्न चार वर्षं सुटलेला नाही, म्हणून फार मनापासून विचारतेय.

कृष्णाकाठची

अबोली, याचं उत्तर लांबेल.

क्वेकर मतदान करत नाहीत. बहुमत नाही, आणि एकेका माणसाला नकाराधिकार असतो असंही नाही. कामकाजाची बैठक ही उपासनाच मानतात, म्हणून ती मौनाने सुरू होते. टेबलापाशी क्लार्क बसतो. तो अध्यक्ष नाही, काही वर्षांसाठी नेमलेला सेवेकरी. विषय मांडला जातो. बोलायचं असेल तर उभं राहायचं, क्लार्कने नाव घेतलं की बोलायचं, एकदाच. दोन बोलण्यांमध्ये थांबायचं. मग क्लार्क तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, झालेल्या विचाराचा मसुदा लिहितो. त्याला 'मिनिट' म्हणतात. तो लिहीत असताना सगळे शांत बसतात. वाचून दाखवल्यावर शब्द दुरुस्त करतात. आणि जमलं की 'मान्य' म्हणत नाहीत, 'आय होप सो' म्हणतात. शेजारच्या आजींनी मला याचा अर्थ असा सांगितला: आपण नीट ऐकलं आहे अशी आशाच धरता येते, खात्री नाही.

प्रत्यक्ष घडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर प्रस्ताव आला की बेघर लोकांना रात्री झोपायला आमचा हॉल द्यावा. मला वाटलं, दहा मिनिटांत होईल. शांतता, समता, साधेपणा यांच्या गोष्टी करणारी माणसं, नाही कोण म्हणणार? एक गृहस्थ उठले, ऐंशीचे, सगळ्यांत मवाळ. म्हणाले, "रात्री सोबत कोण थांबणार? आपल्यातले निम्मे सत्तरीपुढचे आहेत. उत्साहाने उघडू आणि जानेवारीत बंद करू. ज्याला एकदा आत घेतलं त्याला परत थंडीत पाठवणं मला जमणार नाही." खोली गप्प झाली. क्लार्कने मिनिट लिहिलं: आज आम्ही तयार नाही, पुढच्या महिन्यात परत बसू.

मला संताप आला. बाहेर पाऊस पडत होता आणि आम्ही मिनिटं लिहीत होतो. मतदान झालं असतं तर पंचवीस विरुद्ध एक.

पुढच्या महिन्यातही झालं नाही. मधल्या काळात मात्र तिघांनी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आकडेमोड केली: किती माणसं, किती रात्री, किल्ल्या कुणाकडे. जवळच्या दोन चर्चमधून तरुण स्वयंसेवक मिळाले. तिसऱ्या महिन्यात मिनिट झालं, सात नव्हे, आठवड्याच्या दोन रात्रींसाठी. माझ्या मनात होतं त्यापेक्षा फारच कमी. पण मार्चअखेरपर्यंत एकही रात्र चुकली नाही. माझी पाळी मंगळवारची. पोहे करून न्यायचे.

तुमच्या पार्किंगला हे लागू पडेल का, सांगता येत नाही. इथे लोकांना एकमेकांबरोबर पुढच्या रविवारी बसायचं असतं, हा मोठा फरक आहे.

शिलेदार_७२

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. मुलगी फ्रेंड्स स्कूलमध्ये आहे, आठवड्यातून एकदा सगळी शाळा मौनात बसते, पाच वर्षांची मुलंसुद्धा. शाळेबद्दल माझं मत उत्तम आहे. तरीही एक बाजू इथे मांडली गेली पाहिजे.

पेनसिल्व्हेनिया ज्याने वसवलं तो विल्यम पेन क्वेकर होता आणि त्याच्याकडे गुलाम होते. जर्मनटाऊनच्या चार जणांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. ते एका बैठकीने वरच्या बैठकीकडे, तिने त्याहून वरच्या बैठकीकडे पाठवलं आणि तिथे ते बाजूला पडलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला पूर्ण बंदी केली ती १७७६ मध्ये. मध्ये ८८ वर्षं गेली. तुम्ही तीन महिने थांबलात, बाहेर पावसात भिजणारी माणसं होती. ती ८८ वर्षं कुणी सोसली?

बेंजामिन ले नावाचा बुटका, कुबड असलेला क्वेकर १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत आला. पोकळ केलेल्या पुस्तकात त्याने लाल रसाची पिशवी लपवली होती. गुलाम बाळगणं हा रक्तपात आहे असं ओरडून त्याने तलवार पुस्तकात खुपसली आणि तो रस शेजारच्यांवर उडाला. त्याला समाजातून काढून टाकलं. मला वाटतं, त्या खोलीत खरी मिनिस्ट्री (आतून आलेलं, उठून बोलणं) त्या दिवशी त्या एकट्याने केली.

आणि कॅडबरी. पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरचा कोको गुलामीसारख्या मजुरीतून येतो हे त्यांना वर्षानुवर्षं कळत होतं, खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. एका वृत्तपत्राने त्यावर लिहिलं म्हणून कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला, जिंकला, आणि ज्यूरीने भरपाई किती दिली? एक फार्दिंग, पाव पेनी.

कृष्णाकाठची

शिलेदार, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि मला ते टाळायचं नाही. सगळ्यांची तयारी होईपर्यंत थांबणं ज्यांना परवडतं ते त्या खोलीत बसलेले असतात. ज्यांच्यावर निर्णय होतो ते बहुतेक वेळा खोलीबाहेर असतात. आमच्या हॉलच्या वेळी माझा संताप त्याचाच होता, आणि आजही मी तो चुकीचा म्हणणार नाही.

जॉन वुलमन मात्र मला या बाबतीत धीर देतो. अमेरिकेतला क्वेकर, जन्म १७२०. शिंप्याचं काम करायचा. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जायचा, त्यांच्याशी एकटं बसून बोलायचा, आणि त्या घरातल्या गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे त्यांच्या हातात ठेवून निघायचा. वर्षानुवर्षं, घरोघर, बराचसा पायी. शेवटी इंग्लंडला आला आणि १७७२ मध्ये यॉर्कला देवीच्या रोगाने गेला. ले ओरडला आणि वुलमन दारोदार बसला. दोघांपैकी एकाने भागलं असतं असं मला वाटत नाही. १७५८ मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना शिस्त लावायचं वार्षिक सभेने ठरवलं, ते ऐकायला ले जिवंत होता, दुसऱ्या वर्षी गेला. २०१८ मध्ये, काढून टाकल्यानंतर २८० वर्षांनी, तिथल्या मीटिंगांनी त्याला आपलं म्हटलं. उशीर झाला, हे खरंच.

रानजाई

लग्नं कशी लागतात तेही सांगा ना. पुरोहित नाही तर लावतं कोण? आणि मुलांचं काय? तासभर माझी लेक तर खुर्चीवर टिकणार नाही.

कृष्णाकाठची

लग्न कुणी लावत नाही, दोघं एकमेकांशी करतात. नेहमीचीच मौनाची बैठक. त्यातच केव्हातरी दोघं उभी राहतात आणि सगळ्यांसमोर एकमेकांना वचन देतात, एवढंच. मोठ्या कागदावरच्या प्रमाणपत्रावर मग हजर असलेल्या प्रत्येकाने सही करायची, लहान मुलांनीसुद्धा. इंग्लंडच्या १७५३ च्या विवाह कायद्यातच क्वेकरांना आणि ज्यूंना आपापल्या पद्धतीची सूट होती. समलिंगी जोडप्यांची लग्नंही याच पद्धतीने व्हावीत हे ब्रिटनच्या क्वेकरांनी २००९ मध्ये यॉर्कच्या वार्षिक सभेत ठरवलं, सरकारी कायदा यायच्या आधी. गेल्या जूनमध्ये मी एका लग्नाला होते. कागदावर माझी सही मराठीत केली. नवरीने नंतर बोट ठेवून विचारलं, यातलं तुझं नाव कुठून सुरू होतं?

मुलं आमच्याकडे पहिली पंधरा मिनिटं मोठ्यांबरोबर बसतात, मग शेजारच्या खोलीत त्यांचा वेगळा कार्यक्रम. माझी मुलगी तेवढ्यातही चुळबुळ करते. कुणी वळून बघत नाही.

मुलांची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १६८२ मध्ये ब्रिस्टॉलच्या मीटिंगमधल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना तुरुंगात टाकलं होतं, तेव्हा क्वेकरांनी एकत्र जमणं हाच गुन्हा होता. त्या दिवसांत मुलांनी मीटिंग चालू ठेवली. आईवडील आत, आणि दहा-बारा वर्षांची मुलं येऊन गप्प बसायची. शिपाई मारायचे, तरी पुढच्या वेळी परत.

मुक्काम_वर्धा

आमच्याकडे चार-पाच जणांना असं बसून बघायचं आहे. नियम, परवानगी, वर्गणी काही लागतं का?

कृष्णाकाठची

काहीच नाही. दोघं असलात तरी पुरे. खुर्च्या नसल्या तर सतरंजी. पहिल्यांदा वीस मिनिटं बसा, तास जड जातो. संपल्यावर एकमेकांना नमस्कार करा आणि चहा मात्र नक्की ठेवा. आमच्याकडची अर्धी ओळखपाळख चहाच्या कपाभोवतीच होते.

तुम्ही बसलात की इथे कळवा, कसं झालं ते. अबोली आणि प्रश्नचिन्ह यांनी व्यक्तिगत निरोपात विचारलेल्याची उत्तरं राहिलीत, सोमवारी देते. उद्या दारात उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करायची पाळी माझी आहे, आणि त्याआधी खुर्च्या मांडायला दहाला पोचायचंय. शेजारच्या आजींना हल्ली चालवत नाही, त्यांना गाडीतून घेऊन जाते.